पोडाच्या वाटेवर पांढरा शर्ट

पाळकांनी दिलेला अर्ज तीन आठवडे माझ्या वहीत घडी करून पडला होता. दोन वर्षांच्या सेवा-प्रशिक्षणाचा अर्ज. होय म्हटलं की जूनमध्ये कॉलेज सोडायचं, दूरच्या शहरात राहून शिकायचं आणि मग आमची मंडळी, म्हणजे चर्च, पाठवेल तिथे देवाच्या कामाला जायचं. नाव, पत्ता, बाप्तिस्म्याचं वर्ष, सगळं मी लिहिलं होतं. एकच जागा रिकामी होती. 'तुम्हाला पाचारण कसे झाले ते थोडक्यात लिहा.'

पाचारण म्हणजे देवाची हाक. ती मला आली होती की नाही, हेच मला कळत नव्हतं. ऑक्टोबरात तरुणांचं शिबिर झालं. शेवटच्या दिवशी वक्त्यांनी विचारलं, ज्यांना ही हाक ऐकू आली त्यांनी उभं राहावं. माझ्या रांगेतले तिघे उभे राहिले. चौथा मी. मी देवासाठी उठलो की रांगेत एकटाच बसलेला दिसू नये म्हणून उठलो, हा प्रश्न मी घरी घेऊन आलो.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बाबा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कामाला आहेत. संध्याकाळी घरी येतात तेव्हा भुवयांवर कापसाचे तंतू असतात. अर्जाचं ऐकून ते एवढंच म्हणाले, "डिग्री हातात ठेवून देवाचं काम नाई करता येत काय?" आणि तोंड धुवायला गेले. त्यानंतर घरात त्या विषयावर कोणी बोललं नाही, पण माझ्या ताटात भाजी जरा जास्त पडू लागली.

पाळकांनी माझी चलबिचल ओळखली असावी. ते म्हणाले, "मार्थामावशीसोबत पोडावर जाऊन ये. रविवारी उपासना झाली की अर्ज माझ्या हातात दे. भरलेला दे, कोरा दे, पण दे."

मार्थामावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. सगळी मंडळीच त्यांना मावशी म्हणते. अंगणवाडीतून निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली. दर महिन्याला त्या झरी जामणीकडच्या एका पोडावर जातात. कोलाम लोकांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. तिथे तीन घरं ख्रिस्ती आहेत. निघायच्या आदल्या दिवशी मावशींचा फोन आला. "स्वेटर घे. आन पांढरा शर्ट घालून ये."

पांढरा कशासाठी, हे मी विचारलं नाही. सेवेला जाताना पवित्र दिसावं म्हणून असेल, असं मला वाटलं. नाताळसाठी आईने इस्त्री करून ठेवलेला शर्ट मी घातला.

दिग्रस ते पांढरकवडा, गुरुवार

डिसेंबरातली सकाळ. मावशी बसस्टँडवर आधीच येऊन बसल्या होत्या. खांद्याला कापडी पिशवी आणि हातात काळी लांब छत्री. पाऊस संपून दोन महिने झाले होते. मी छत्रीकडे पाहिलं, पण मोठ्या माणसाला काय विचारायचं!

"अमोल, बोर्ड पाय बरं. यवतमाळच हाये ना?"

बस आमच्या समोर उभी होती आणि 'यवतमाळ' एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की लांबूनही वाचता आलं असतं. मी "हो" म्हटलं. बसमध्ये त्यांनी गीतांची वही माझ्याकडे दिली. "थे उपकाराचं गीत कितव्या पानावर हाये, काढून ठेव." मग पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. "याच्यावर सकाळची लिवलं हाये का रातची?" मला वाटलं, शिष्याला कामाला लावायची ही त्यांची पद्धत असावी. ही लहानसहान कामं मी जरा कंटाळूनच केली. माझ्या बॅगेत माझी साक्ष होती. देवाने मला कसं सांभाळलं त्याची हकिगत, सुवाच्य अक्षरांत, चार पानं. ती पोडावर कशी वाचायची याचाच मी विचार करत होतो.

यवतमाळला बस बदलली आणि दुपारच्या आत पांढरकवड्याला पोचलो. तिथून पुढे काळीपिवळी जीप. ट्रकांच्या रांगेतून ती सुटते न सुटते तोच तिची क्लचवायर तुटली. ड्रायव्हरने ढकलत ढकलत गाडी एका गॅरेजसमोर आणली. गॅरेजवाले सलीमभाई मावशींना ओळखत होते.

"आ गई मावशी? या महिन्यात लेट झाल्या." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "नवा चेला आणला वाटते?"

"माहा कायचा चेला बापा? देवाचा हाये. माह्यासंग फकस्त येऊन राह्यला."

"दर महिन्याले जाता तुमी. पगार भेटते का नाई?"

"भेटते ना."

"काय भेटते?"

"सध्या तुरीच्या शेंगा भेटते. उन्हाळ्यात आंबे."

सलीमभाई गाडीखालून हसले. वायर बसेपर्यंत त्यांनी आम्हाला चहा पाजला. गाडीत चढताना मात्र त्यांनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, हात पकडत जा त्यायचा. मांगच्या खेपेले अठीच पडल्या."

मी मान हलवली. वय झालंय, एवढंच मनात आलं. आज लिहिताना त्या वाक्यापाशी मी थांबतो. सलीमभाईंना जे दहा मिनिटांत दिसलं, ते सकाळपासून शेजारी बसलेल्या मला दिसलं नव्हतं.

पोड, गुरुवार दुपार

डांबरी रस्त्यावर उतरल्यावर तासभर चालायचं होतं. एका बाजूला साग, दुसऱ्या बाजूला फुटलेला कापूस, मधे तुरीचे उंच पट्टे. वाट बैलगाडीच्या चाकोरीची. मी मावशींच्या मागे राहिलो. शिष्याने मागे चालावं असं मला वाटत होतं.

"मांगं नोको राहू. समोर चाल," मावशी म्हणाल्या. "आन बोलत राय."

"काय बोलू?"

"काईबी बोल. कॉलेजात काय शिकवते थे सांग."

या भागात वाघ आहेत हे मला ठाऊक होतं. आवाज करत चालायचं ते त्यासाठीच, असं समजून मी तासभर मोठ्याने वनस्पतिशास्त्र सांगत चाललो. मूळ, खोड, पान. मागून छत्रीचं टोक दगडांवर टकटक वाजत होतं.

पोडाच्या मधोमध चावडी असते. लाकडी खांबांवर छप्पर, खाली सारवलेली जमीन. पाहुणा आधी चावडीवर बसतो, मगच कुणाच्या घरी जातो. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला खुर्ची देतात आणि टीव्हीचा आवाज कमी करतात. इथे चपला बाहेर काढायच्या आणि गावाने आपल्याला नीट पाहून घेईपर्यंत बसायचं. एक मुलगी पितळी लोटा घेऊन आली आणि "ईर" म्हणाली. कोलामीत ईर म्हणजे पाणी. मला तहान लागलीच होती. मी लोटा तोंडाला लावला.

सगळी चावडी हसायला लागली. पलीकडे तुरीच्या शेंगा सोलत बसलेली एक म्हातारी ओरडली, "अरे पोट्ट्या, थे पायाचं व्हय, पोटाचं नाई!"

ही भीमाबाई. आम्ही ज्यांच्याकडे उतरणार होतो त्या देवरावभाऊंची काकू. पाहुण्याने आधी पाय धुवायचे असतात, हे मला माहीत नव्हतं. येशूने शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट आमच्या मंडळीत वर्षातून एकदा, उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी वाचली जाते आणि ती ऐकताना पुष्कळांचे डोळे भरून येतात. इथे ती कुणी वाचलेली नव्हती. तरी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या पायांसाठी पाणी आलं होतं. मी ते पिऊन टाकलं.

संध्याकाळी देवरावभाऊंच्या अंगणात प्रार्थना झाली. आठ-नऊ माणसं होती. भीमाबाई ख्रिस्ती नाही. ती प्रार्थनेत बसत नाही, पण प्रार्थनेनंतर सगळ्यांना लागणाऱ्या भाकरी तीच करते. वीस वर्षं झाली, तिचं आणि मावशींचं असंच चाललं आहे. एक अंगणात देवाशी बोलते, दुसरी चुलीपाशी बसून ऐकते आणि मधूनच म्हणते, "माह्या गुडघ्याचंबी सांग वं तुह्या देवाले."

प्रार्थना संपली. मी साक्षीची चार पानं काढली. तोवर लोकांनी आपापले कागद आणले होते. शाळेतून आलेली चिठ्ठी, दवाखान्याचं कार्ड, घरकुलाचा अर्ज. मावशी म्हणाल्या, "अमोल, वाच बरं." मी वाचत गेलो, समजावत गेलो, भरत गेलो. माझी चार पानं कुणी मागितली नाहीत. खरं सांगतो, मला थोडं वाईट वाटलं. जेवायला ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा होत्या. शेंगा इतक्या गोड होत्या की ते वाईट वाटणं फार वेळ टिकलं नाही.

कापसात, शुक्रवार

वेचणीच्या दिवसांत पोडावर दिवसा काही म्हातारी माणसं आणि पोरं सोडली तर कुणी नसतं. कुणाशी बोलायचं असेल तर शेतात जायचं आणि कमरेला ओटी बांधून कापूस वेचत बोलायचं. देवरावभाऊंच्या बायकोने, सुमनवहिनींनी, मला एक ओळ दिली. मावशी बांधावर बसल्या. त्या वेचत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या.

मी जिनिंगच्या गावचा. कापसाच्या गाठी बघत वाढलो. पण झाडावरचा कापूस मी कधी हाताने काढला नव्हता. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं ओरखडली. माझ्या ओटीत कापसापेक्षा पालापाचोळाच जास्त दिसत होता.

भीमाबाईने माझ्या ओटीत हात घातला. "हे काय व्हय? बकरीचा चारा?"

"काकू, राहू द्या ना, नवीन आहेत," सुमनवहिनी म्हणाल्या. त्या आश्रमशाळेत शिकलेल्या, माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलायच्या.

"नवा हाये त काय झालं? याचा बाप जिनिंगात हाये म्हंते. थो कचरा त्याच्याच बापाच्या नाकात जाईन."

बाबांच्या भुवयांवरचे तंतू, त्यांचा पहाटेचा खोकला. त्यानंतर प्रत्येक बोंड मी आधी निरखलं आणि मगच हात लावला. दुपारपर्यंत माझी ओळ सगळ्यांच्या मागे पडली, पण भीमाबाईने पुन्हा ओटी तपासली नाही.

वेचता वेचता मी देवरावभाऊंना विचारलं, "मावशींनी तुम्हाला पहिल्यांदा काय सांगितलं होतं?" माझ्या मनात होतं, एखादा मोठा संदेश असेल, तो वहीत लिहून घेऊ.

हातातलं बोंड ओटीत टाकत ते म्हणाले, "काईच नाई. माही पोरगी तापली होती. मावशी चार दिवस उशाशी बसून राह्यली. पोरगी उठली. मंग मीच इचारलं, बाई, तू हाये कोन?"

दिवस बुडताना

काम आटोपल्यावर मी मोबाईल देवरावभाऊंच्या घरी चार्जिंगला लावला आणि एकटाच शेताकडे परतलो. सोबत अर्ज आणि पेन होतं. रविवारला दीड दिवस उरला होता. तुरीच्या पट्ट्याआड बसून मी प्रार्थना केली, की प्रभू, मला आणखी एकदा हाक मार, म्हणजे माझी खात्री होईल. मग वाट पाहत बसलो. झाडावर होले घुमत होते. दुसरं काही ऐकू आलं नाही.

डिसेंबरात अंधार भराभर पडतो. उठलो तेव्हा चाकोरी सापडेना. कापसाची प्रत्येक ओळ दुसरीसारखीच. ज्याला पोड समजून चाललो, ते सागाचं रान निघालं. वाघ आठवला. आता वनस्पतिशास्त्र सुचेना.

मी हाक मारली, "मावशीऽऽ!"

उत्तर नाही. म्हातारं माणूस, आराम करत असेल, पुन्हा कशाला त्रास द्यायचा? थोडा पुढे गेलो आणि "देवरावभाऊऽऽ!" म्हटलं. काही नाही. दमले असतील. मग "सुमनवहिनीऽऽ!" मला पोडावरची कुत्री ऐकू येत होती. म्हणजे माझा आवाजही तिकडे पोचत असणार. तरी कुणी ओ देत नव्हतं. शेवटी एका दगडावर बसलो.

बऱ्याच वेळाने लांबून बॅटरीचा उजेड हलत येताना दिसला. उजेडासोबत शिव्याही येत होत्या. अशा शिव्या मी जिनिंगच्या फाटकावरसुद्धा ऐकल्या नव्हत्या.

"कोन व्हय रे तू?" भीमाबाईचा आवाज.

"मी! अमोल!"

"अमोल कोन?"

"मावशींसोबत आलेला! पायाचं पाणी प्यायलेला!"

शिव्या थांबल्या. "मंग तसं सांग ना. जागचा हालू नोको."

चावडीवर सगळे जमले होते. मी दिसताच हशा पिकला. देवरावभाऊंनी मला समजावलं. दिवस बुडाल्यावर रानातून एकदाच हाक आली तर या पोडावर कुणी ओ देत नाही. जे माणूस नसतं ते एकदाच हाक मारतं. माणूस असला की तेच नाव तीनदा घेतो.

"आन तू," ते हसत म्हणाले, "एकेकाचं नाव घेऊन एकेकदाच बोलावून राह्यलता. आमी म्हटलं, आज यादी घेऊनच आलं वाटते! माहं नाव आलं तवा मी त दार लावून घेतलं."

कुणाला दोनदा त्रास नको म्हणून मी जे केलं, ते नेमकं भुतासारखं होतं. मीही हसलो. मग भीमाबाईला विचारलं, "तुम्ही का आलात? तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना! येवढ्या शिव्या कोनाले देऊन राह्यलती मी, तुले?" तिने चावडीच्या खांबाकडे बोट केलं. "हे पाय. तुह्या पयल्या हाकेलेच छत्री घेऊन उभी राह्यली. थो पोट्टा व्हय, म्हने, मले जाऊ द्या. हिले दिवसा दिसत नाई, अंधारात काय दिसन? नाल्यात पडली असती. म्हून मी गेली."

मार्थामावशी खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांच्या एका पायात चप्पल होती, दुसरी बाजूला उलटी पडली होती आणि तो पाय अनवाणी होता. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता, पण थोडा बाजूला, जिथून माझा आवाज आला होता तिकडे.

बसचा बोर्ड. गोळ्यांचं पाकीट. गीतांचं पान. छत्री. सगळं मला त्याच क्षणी कळलं.

परत, शनिवार

सकाळी निघताना शेंगांचं गाठोडं बांधून मिळालं, मावशींचा पगार. कुणी न सांगता मी पुढे झालो. थोडं चालल्यावर विचारलं, "मावशी, पांढरा शर्ट…"

"दिसते ना," त्या म्हणाल्या. "धुकट दिसते, पन पांढरं दिसते. मांगच्या महिन्यात देवरावचा पोरगा घ्याले आला होता, त्याचा शर्ट मातकट होता. दोनदा बांधावरून पडली."

मी त्यांच्याकडे शिकायला आलो होतो, त्यांच्या मागे चालायला. आणि येतानाचा तासभर त्या माझ्या मागे, या शर्टाच्या आधाराने चालल्या होत्या, मला साधं ठाऊकही नसताना.

"मोतीबिंदू आहे का? ऑपरेशन होतं त्याचं."

"डॉक्टर तेच म्हंते. भेव वाटते मले. डोयात सुई घालते म्हंते."

"अंधारात नाल्याकडे निघाला होतात, तेव्हा नाही भेव वाटलं?"

"थे येगळं. थो तू होता." छत्री टकटकली. "पाळकायले सांगू नोको. मले पाठवनार नाईत मंग."

बांध आला तसा मी मागे वळून त्यांना हात दिला. मग त्याच म्हणाल्या, "थो अर्ज भरून टाक तू. चांगलं शिकवते तठी. तुह्यासारखे पोट्टे पायजे."

पुढच्या महिन्यात माझ्याबरोबर ये, असं त्या म्हणतील म्हणून मी चाकोरीच्या शेवटापर्यंत वाट पाहिली. त्या म्हणाल्या नाहीत. रस्ता आल्यावर एवढंच म्हणाल्या, "गाडी येऊन राह्यली वाटते. बोर्ड पाय बरं."

मी पाहिला. या वेळी कंटाळा आला नाही.

दिग्रस, रविवार

उपासना संपली. पाळक दाराशी उभे होते. मी आधी बायकांच्या बाजूला गेलो.

"मावशी, तुम्ही सांगता की मी सांगू?"

"कायले सांगाचं?" त्यांचा आवाज चढला. "म्हटलं ना तुले."

"जानेवारीत आपल्याला दोनदा जायचंय. आधी यवतमाळला, डोळ्यांसाठी. सुईच्या वेळी मी बाहेर बसेन. मग पोडावर. तुमचं पोडावर जाणं बंद होणार नाही. मी समोर चालेन."

छत्री उचलून मावशींनी माझ्या पोटरीवर एक हलकासा फटका मारला आणि मग माझा दंड धरला. आम्ही दोघे दाराशी गेलो. डोळ्यांचं त्यांनी स्वतःच सांगितलं, अगदी हळू. पाळकांनी त्यांना दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. मग मी अर्ज दिला. शेवटची जागा कोरीच होती.

"म्हणजे नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही असं नाही," मी म्हणालो. "डिग्रीला अजून दीड वर्ष आहे. तोवर दर महिन्याला मी मावशींसोबत जाईन. त्यानंतर हा अर्ज मला पुन्हा द्या. तेव्हा या जागी काय लिहायचं ते मला माहीत असेल."

त्यांनी अर्जाची घडी केली आणि आपल्या बायबलमध्ये ठेवली. नाराज होते की नाही, मला कळलं नाही. शिबिरात मी देवासाठी उठलो की रांगेसाठी, हेही मला अजून कळलेलं नाही. पण त्या संध्याकाळी चावडीवर कोण कुणासाठी उठलं, हे मी पाहिलं आहे.

पांढरा शर्ट कशासाठी ते मी आदल्या रात्री आईला सांगितलं होतं. घरी आलो तेव्हा तिने शर्ट धुऊन दोरीवर टाकला होता. काळ्या मातीचे डाग काही गेले नव्हते. बाबा त्याच्याजवळ उभे राहून बाहीला चिकटलेले तंतू काढत होते, घरी आल्यावर स्वतःच्या अंगावरचे काढतात तसे.

"कापूस वेचला म्हंते तू."

"एक ओळ. कचरा न घालता."

ते हसले की काय, मला नीट दिसलं नाही. "परत कवा जानार?"

"पुढच्या महिन्यात. दर महिन्यालाच. कॉलेज करून."

बाबांनी शर्ट उजेडाकडे धरला, डाग पाहिले, मान हलवली.

"हा आता तेवढा पांढरा नाई दिसनार मावशीले," ते म्हणाले. "चाल, बाजारात जाऊ. दुसरा घेऊ."